आगाशीचा प्लेयर, वसईची खोली

जुलैच्या पहिल्या आठवड्यात आगाशीहून मामांचा फोन आला. "अरे, प्लेयर नो डिस्क दाखवायला लागलाय. दुकानदार म्हणतो, आता नवा भारीतला घ्या, आवाज एकदम खुलेल. घेऊ का?"

प्रश्न एक वाटला तरी त्यात दोन होते. डिस्क वाचली जात नाही ही तक्रार होती, आणि आवाज खुलेल हे आमिष. दुकानदाराने दोन्ही एकाच पिशवीत घालून दिली होती. मामांचा त्यावर विश्वास बसणं साहजिक होतं, कारण त्यांचं निम्मं आयुष्य रेकॉर्ड आणि कॅसेटच्या काळात गेलं, आणि त्या काळात दुकानदाराचं म्हणणं खरंही होतं. कॅसेट डेकच्या हेडवर मळ बसला की तार सप्तक बोथट व्हायचं. मोटरचा पट्टा सैल पडला की बासरी डुलायला लागायची. रेकॉर्ड प्लेयरची सुई झिजली की गाण्यात वाळू मिसळल्यासारखी खरखर. यंत्र जितकं नेटकं, तितका आवाज स्वच्छ, हा तेव्हाचा रोजचा अनुभव. सीडी आली आणि ते गणित बदललं, पण सवय राहिली.

मामा तीस वर्षं विरार-चर्चगेट लोकलने फोर्टात नोकरीला जात. पगाराच्या आसपास एखाद्या संध्याकाळी काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये शिरायचं, एक सीडी घ्यायची आणि ती छातीशी धरून गर्दीत उभं राहायचं, असा नेम होता. ते दुकान फेब्रुवारी २०१६ च्या अखेरीस बंद झालं. सीडी मात्र आगाशीच्या घरात सागवानी कपाटात ओळीने उभ्या आहेत.

या चकतीवर असतं काय, ते आधी पाहू. बारा सेंटिमीटर व्यासाची, सव्वा मिलिमीटरहून किंचित पातळ अशी पॉलिकार्बोनेटची चकती. तिच्यात आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट, आणि त्या वाटेवर सूक्ष्म खड्डे. शेजारच्या दोन फेऱ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा चाळीसेक फेऱ्या मावतात. ७४ मिनिटांच्या सीडीवरची ही वाट उलगडली तर पाच किलोमीटरच्या वर भरते, म्हणजे साधारण विरार स्टेशनपासून मामांच्या आगाशीपर्यंत. लेझर तिच्यावरून दर सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास धावतो. म्हणून सीडी सुरुवातीला मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि शेवटच्या गाण्यापर्यंत २०० वर येते.

या वाटेवर आवाज नसतो, आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा, डाव्या आणि उजव्या बाजूसाठी वेगवेगळी, ध्वनिलहरीची उंची १६ बिटांच्या आकड्यात मोजून लिहिलेली. ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून, याची गोष्ट मला फार आवडते. फिलिप्स आणि सोनी यांनी मिळून सीडीचं मानक १९८० मध्ये ठरवलं. त्या सुमारास एवढी माहिती साठवायला सोयीची वस्तू एकच होती, व्हिडिओ टेप. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन आकडे बसवायचे. अमेरिका-जपानच्या पद्धतीत सेकंदाला ६० क्षेत्रं (म्हणजे अर्धी-अर्धी चित्रं), प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ ओळी. युरोपच्या पद्धतीत, जी आपल्या दूरदर्शननेही घेतली, ५० क्षेत्रं आणि २९४ ओळी. दोन्हीकडे गुणाकार करून पाहा, उत्तर एकच येतं. कानाची गरज त्यात सुखरूप बसली, कारण २०,००० हर्ट्झपर्यंतची लहर पकडायला तिच्या दुपटीहून थोडा जास्त वेग लागतो. तरुण, निरोगी कान फार तर तेवढंच ऐकतो. साठीनंतर अनेकांना दहा-बारा हजारांच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. हे मी मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे निम्म्या सीडीचे पैसे फुकट." तसं नाही. गाण्याचा जवळजवळ सगळा जीव त्याच्या खालीच असतो.

आता मुद्द्याची गोष्ट. हे आकडे चकतीवर सरळ क्रमाने लिहिलेले नसतात. १९६० मध्ये अर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोघांनी मांडलेलं गणित वापरून त्यांच्यात पडताळणीचे जादा आकडे मिसळतात आणि मग सगळे विखरून टाकतात. विरार लोकलमध्ये घरातली पाच माणसं मुद्दाम पाच डब्यांत चढावीत आणि प्रत्येकाच्या खिशात बाकी चौघांचा पत्ता असावा, तसं. एक डबा हुकला तरी अख्खं घर हरवत नाही. वाटेच्या दिशेने साधारण अडीच मिलिमीटर लांबीचा तुकडा पुसला गेला तरी प्लेयर हरवलेले आकडे जसेच्या तसे परत मिळवतो. त्याहून मोठं भगदाड असेल तर आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो. तेही जमलं नाही तर गाणं अडखळतं, उडी मारतं किंवा गप्प होतं.

म्हणजे सीडी धूसर वाचली जात नाही. ती नीट वाचली जाते, नाहीतर बिघडल्याचं कानाला सरळ कळतं. "स्वस्त प्लेयर वरवरचं वाचतो, महागडा खोलवरचं काढतो" हे वाक्य रेकॉर्डच्या सुईला शोभतं, लेझरला नाही.

आकडे वाचून झाले की त्यांची पुन्हा विजेची लहर करावी लागते. इथे मात्र प्लेयर-प्लेयरमध्ये फरक असायला जागा आहे, आणि सुरुवातीला तो होताही. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये विक्रीला आलेल्या सोनीच्या पहिल्या प्लेयरमध्ये हे काम करणारं परिवर्तक एकच होतं. ते आळीपाळीने डावीकडचा आणि उजवीकडचा आकडा हाताळायचं, त्यामुळे एक बाजू दुसरीपेक्षा सेकंदाच्या अकरा दशलक्षांश भागाने मागे राहायची. ऐकायला भयंकर वाटतं खरं. पण तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम चार मिलिमीटर जातो. खुर्चीत मान जराशी वळवली तरी दोन कानांत याहून मोठा फरक पडतो. फिलिप्सकडे तेव्हा १६ बिटांचं परिवर्तक तयार नव्हतं. त्यांनी १४ बिटांचंच घेतलं, पण ते चौपट वेगाने चालवून उणीव भरून काढली. अशा खटपटी नव्वदच्या दशकापर्यंत संपत आल्या. चांगली परिवर्तक चिप स्वस्त झाली.

मग जाहिरातींना नवा शब्द सापडला, जिटर. म्हणजे आकडे ठरल्या क्षणी न येता सूक्ष्म मागेपुढे येणं. ही गोष्ट खरी आहे, मोजता येते. डॉल्बीच्या दोन अभियंत्यांनी १९९८ मध्ये तपासलं, तेव्हा संगीत ऐकताना २० नॅनोसेकंदांपेक्षा कमी जिटर कोणालाही ओळखता आलं नाही. बऱ्या प्लेयरमध्ये ते याच्या कितीतरी खाली असतं.

एवढं सगळं फोनवर सांगून मामा थोडेच ऐकणार! "ते तुझं गणित राहू दे. कानाला काय वाटतं ते बघू." मला हे मान्य होतं. आधी विरारच्या एका मेकॅनिककडे प्लेयर उघडला. वसईच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात जे सगळ्यांचं होतं तेच त्याचं झालं होतं. लेन्सवर दमट धुळीचा पापुद्रा, लेझर पुढेमागे सरकवणाऱ्या दात्यांमधलं ग्रीस घट्ट झालेलं, मागच्या पिनांना खाऱ्या हवेचा हिरवट गंज. त्याने कापसाच्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून लेन्स पुसली, ग्रीस बदललं, पिना घासल्या. नो डिस्क गेलं. नव्या प्लेयरच्या किमतीपुढे त्याची मजुरी म्हणजे किरकोळ खर्च.

मग मित्राकडून एक भारी प्लेयर दोन दिवसांसाठी मागून आणला आणि एका रविवारी आगाशीत परीक्षा मांडली. एकाच सीडीच्या दोन प्रती, दोन प्लेयर, एकच अ‍ॅम्प, तेच स्पीकर. मामेबहिणीने कपाटाआड बसून नाणं उडवायचं. छापा तर जुना, काटा तर नवा. मामांनी ओळखायचं. वीस फेऱ्या. मामांनी सतरा बरोबर ओळखल्या. विजयी मुद्रेने म्हणाले, "नवा मोकळा लागतो. सांगितलं होतं ना!"

सतरा हा आकडा नशिबाने येत नाही. मी जरा खजील झालो आणि मल्टिमीटर काढला. शंभर हर्ट्झचा एकच सूर असलेली सीडी घरीच बनवून आणली होती. साधा मल्टिमीटर कमी कंपनसंख्येलाच भरवशाचं मोजतो, म्हणून शंभर. जुन्या प्लेयरमधून १.६ व्होल्ट येत होते, नव्यातून २. म्हणजे नवा जवळजवळ दोन डेसिबल मोठा वाजत होता. एवढा फरक "मोठा" असा कळतच नाही, "छान" असा कळतो. कान असाच आहे. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं होतं की आवाज वाढवला की खालचे सूर प्रमाणाबाहेर जास्त भरदार ऐकू येतात. दुकानातले लोक गणित शिकलेले नसले तरी हे त्यांना चांगलं ठाऊक असतं.

नव्या प्लेयरच्या वायरीत पातळी कमी करणारं एक लहानसं पॉट जोडून दोघांची पातळी एक टक्क्याच्या आत आणली आणि पुन्हा वीस फेऱ्या केल्या. या वेळी मामांचे नऊ बरोबर आले. माझे अकरा. मामी स्वयंपाकघरातून दोन फेऱ्या ऐकून म्हणाली, "दोन्ही सारखेच आहेत, चहा घ्या." वीसपैकी दहाच्या आसपासचं उत्तर म्हणजे आम्हीही नाणंच उडवत होतो.

आमची परीक्षा घरगुती. ब्रॅड मायर आणि डेव्हिड मोरान या दोघांनी अमेरिकेत केलेली बरीच मोठी होती, आणि तिचे निकाल २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. सीडीहून कितीतरी बारीक नोंद असलेलं संगीत वाजवायचं, मधेच कळ फिरवून तेच सीडीच्या १६ बिट, ४४,१०० च्या मापातून काढायचं, आणि विचारायचं, फरक कळला का? ऐकणाऱ्यांमध्ये ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातले लोकही होते. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरं बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. सीडीचं माप ज्यांना पुरेसं वाटत नाही, त्यांना अजूनही हा आकडा पचत नाही. तेव्हापासून वाद चालू आहे, तो चालू राहो.

म्हणून नवा प्लेयर कधीच घेऊ नये असं नाही. लेझरच मेला असेल आणि सुटा भाग मिळत नसेल तर घ्यावाच लागेल. आतली वीजपुरवठ्याची बाजू खराब असेल, मधूनच घरघर येत असेल, तर फरक पडेल. पण घरघरीचं कारण बऱ्याचदा प्लेयरमध्ये नसून अर्थिंगमध्ये असतं. केबलची वायर टीव्हीला, टीव्ही अ‍ॅम्पला, अ‍ॅम्प भिंतीला, असं अर्थिंगचं वर्तुळ पुरं झालं की ५० हर्ट्झची मेन लाइन गाण्यात उतरते. केबलची पिन काढून पाहावी. घरघर थांबली तर चोर सापडला.

मग आवाज अडतो कुठे? आकड्यांत सांगतो. साध्या सीडी प्लेयरचा आवाज खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत अर्ध्या डेसिबलहून जास्त हलत नाही, आणि त्यात भेसळ शेकडा ०.०१ किंवा त्याहून कमी. चांगल्या स्पीकरमध्ये हेच चढउतार तीन डेसिबल वर, तीन खाली; आणि ढोलकीच्या घुमाऱ्यासारख्या खालच्या सुरांत भेसळ शेकडा एकाच्या घरात सहज जाते. म्हणजे साखळीतली जी कडी आधीच शंभरपट पक्की आहे तिच्यावर आपण सोनं चढवायला निघालेलो असतो. आणि स्पीकरनंतर येते खोली, जिची पावती कुठल्याच दुकानात फाटत नाही.

खोलीचा धडा मला मे महिन्यातच मिळाला होता, तेव्हा तो ओळखता आला नाही इतकंच. पावसाआधी मामांच्या घराची कौलं परतायची होती. धूळ नको म्हणून सगळा सेट, प्लेयर, अ‍ॅम्प, स्पीकर, टेम्पोत घालून पंधरा दिवस माझ्याकडे वसई रोडच्या फ्लॅटमध्ये ठेवला. तोच प्लेयर, त्याच सीडी. आगाशीत मऊ वाटणारी सतार माझ्याकडे पत्र्यावर वाजल्यासारखी. तानपुरा घुमून घुमून डोकं उठवायचा. तेव्हा मीच मामांना फोनवर म्हटलं होतं, "प्लेयर म्हातारा झाला वाटतं." खुलासा खोलीत होता. माझा हॉल सोळा फूट लांब. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरी नेमक्या मावतात त्या तिथे साठून फुगतात. सोळा फुटांत पहिली अशी लहर ३५ हर्ट्झची, दुसरी ७० ची. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाच्या तानपुऱ्याचा खर्ज काढा. त्याचा मूळ सूर ६९ हर्ट्झ. माझी खोली नेमकी त्याच सुरात मिळवलेली होती! पांढरी चारमध्ये गाणारी बाई लावली की घुमारा गायब व्हायचा, आणि मी तो दोष ध्वनिमुद्रणाला देत होतो.

पत्र्यासारख्या आवाजाचं कारण दुसरं. फ्लॅटमध्ये खाली गुळगुळीत टाइल, वर स्लॅब, एका बाजूला सरकत्या काचा. हॉलमधलं सामान काढून टाळी वाजवली तर सबाइनच्या सूत्राप्रमाणे तिचा नाद दीड-पावणेदोन सेकंद रेंगाळेल. वॉलेस सबाइन हा हार्वर्डचा पदार्थविज्ञानाचा तरुण शिक्षक. १८९५ मध्ये तिथल्या एका नव्या व्याख्यानगृहात बोललेलं कळत नव्हतं. शब्द साडेपाच सेकंद घुमायचा. सबाइन रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या उचलून आणायचा, मांडायचा, मोजायचा आणि सकाळपर्यंत परत नेऊन ठेवायचा. गाद्यांच्या त्या हमालीतूनच त्याचं सूत्र निघालं. मामांचं घर हे सूत्र न वाचता पाळतं: कौलांखाली लाकडी माळा, भिंतीशी गाद्यांची चळत, कापसाचे लोड, सागवानी कपाटात दाटीने सीडी आणि दिवाळी अंक, आणि खिडक्या सताड उघड्या. उघड्या खिडकीइतकं आवाज पिणारं दुसरं काही नाही. बाहेर गेलेला सूर परत येत नाही, वाडीतल्या केळींत हरवतो.

जागा बदलली की नाद बदलतो, हे सुचलं की मला वसईच्या घंटा आठवतात. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, आणि इथल्या पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठे ठिकठिकाणी घेऊन गेले. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच म्हणून ओळखली जाते. भीमाशंकरलाही एक आहे. उंच मनोऱ्यातून समुद्रावर सोडायला ओतलेला नाद आता देवळाच्या दगडी भिंतींत घुमतो. धातू तोच, वजन तेच. किल्ल्यातल्या छप्पर उडालेल्या चर्चमध्ये उभं राहून मी पुष्कळदा विचार केलाय, इथे त्या कशा वाजत असतील.

शांततेचाही हिशेब आहेच. सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात ९६ डेसिबलचं अंतर मावतं. पंखा फिरत असलेल्या खोलीत, रस्त्यावर रिक्षा असताना, मुळातच ४०-४५ डेसिबल असतात. त्यावर ९६ चढवले तर कानाला वेदना होतील अशा पातळीच्याही पुढे जाऊ. त्यामुळे आणखी "शांत" प्लेयर घेण्यापेक्षा पंखा एक नंबरने कमी करणं जास्त फायद्याचं. वसईच्या मे महिन्यात हा सल्ला मी कोणाला देत नाही. शिवाय ज्या नाट्यगीतांवर मामांचा जीव आहे ती तीन-तीन मिनिटांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेली आहेत. त्या काळच्या मुद्रणात पाच-सहा हजार हर्ट्झच्या वर फारसं काही नाहीच. जे चकतीवर कधी उतरलंच नाही ते कुठला प्लेयर वाजवणार? एकाच गायकाची दोन कंपन्यांनी वेगवेगळी साफ केलेली सीडी घेऊन पाहा, तो फरक मात्र मामीलाही स्वयंपाकघरातून कळेल.

दमट हवेची चिंता मामांनी करावी, ती प्लेयरपेक्षा सीडींची. चकतीचा नाजूक भाग खालचा चकचकीत नसून वरचा, छापील बाजूचा असतो, कारण ॲल्युमिनियमचा थर वार्निशच्या पातळ थराखाली तिथेच असतो. मध्य अमेरिकेतल्या बेलीझमध्ये २००१ मध्ये चक्क सीडी खाणारी बुरशी सापडली होती. आपल्याकडची बुरशी बहुधा पृष्ठभागावरच बसते आणि पुसता येते. पुसायचं मात्र मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल फिरवून पुसलं आणि ओरखडा पडला तर तो वाटेच्या दिशेने जातो, आणि मग ती पाच माणसं एकाच डब्यात सापडतात.

मामांनी नवा प्लेयर घेतला नाही. मी फक्त एक बदल सुचवला. त्यांचे दोन्ही स्पीकर कपाटाच्या डोक्यावर, कोपऱ्यात, एकमेकांना चिकटून बसवलेले होते, जशी आपल्याकडे बहुतेक घरांत रीत आहे. कोपऱ्यात तीन पृष्ठभाग एकत्र येतात आणि खालचे सूर विनाकारण फुगवतात, आणि वरचे सूर ऐकणाऱ्याच्या डोक्यावरून निघून जातात. गावच्या सुताराकडून कानाच्या उंचीची दोन स्टुलं करून घेतली, स्पीकर भिंतीपासून दोन फूट पुढे आणले, एकमेकांपासून सात फूट दूर ठेवले. पहिल्याच गाण्याला मामा गप्प बसून राहिले. मग म्हणाले, "पेटी डावीकडे बसलीये की!" ती सीडी त्यांच्याकडे वीस वर्षं आहे.

कपाटाच्या डोक्यावर रिकाम्या झालेल्या जागेत मामीने दुसऱ्या दिवशी सुकेळ्यांचा डबा ठेवला.